घाबरं कधी होतं

१३ जानेवारी २०२५, सोमवार

पहिली पाळी. तीनला सुटलो. परत येताना दवाखान्यात गेलो. बीपी दीडशे-शहाण्णव. ईसीजी काढला, ठीक आहे. माझी बायको सुगरा, तिला जाऊन आज बारावा दिवस.

डॉक्टर मैथिली म्हणून आहेत, माझ्या मुलीपेक्षा, कशिशपेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, "काका, घाबरं कधी होतं?" मी म्हटलं, कधीही. त्या म्हणाल्या, "कधीही असं नसतं. एका वहीत लिहा. वेळ लिहा, तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. मनात काय आलं तेही लिहा, नुसते आकडे नकोत." म्हणून ही वही. कंपनीने दिलेली मागच्या वर्षीची डायरी कोरी पडली होती, तारखा खोडून वापरतो आहे.

नाव बादशहा शिकलगार, वय चौपन्न. हे लिहायची गरज नाही, पण रजिस्टरच्या पहिल्या पानावर नाव घालायची सवय आहे. शिरोलीला एका फाउंड्रीत शेवटच्या तपासणीला आहे. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, तयार होऊन आलं की बारक्या हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर पास. बद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर आहे, बाजूला काढायचं. सत्तावीस वर्षं हेच काम. घरात आमची दखनी आणि मराठी दोन्ही चालतात, लिहायला मात्र मला मराठीच येते.

आजची नोंद. ४.५०. घरी आलो, जेवणाचा डबा स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. आतल्या खोलीत कशिश आणि माझी थोरली बहीण हुस्नाआपा बोलत होत्या, त्या थांबल्या. छातीत धडधड, तळहाताला घाम, दहा मिनिटं. मनात काय आलं ते सांगता येत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

मनातलं लिहा म्हटलंय म्हणून लिहितो.

सुगरा स्वयंपाकघरात पडली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी लगेच उठलो नाही. कशिशने हाक मारली तेव्हा उठलो. डोक्यात रक्तस्राव. दुसऱ्या दिवशी गेली. त्या आठवड्यात आमचं फारसं बोलणं नव्हतं. कारण आता आठवत नाही.

तिला न्यायच्या आधी मला आत बोलावलं. आमच्याकडे बायको गेली की नवऱ्याने तिला हात लावायचा नाही. चेहरा बघायचा, आणि तिचं काही चुकलंमाकलं असेल ते माफ केलं म्हणायचं. मागून कुणी वडीलधारं माणूस म्हणालं, "बादशहाभाई, कहासुना माफ करा." मी म्हणालो, "माफ केलं." आवाज जरा मोठा निघाला. कशिश आईच्या पायाशी बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. नुसतं बघितलं.

आज कामावर एकदम ती नजर आठवली. १०.१५. हातोडी खाली ठेवावी लागली.

१७ जानेवारी, शुक्रवार

आपा उद्या उचगावला परत जाणार. रात्रीच्या जेवणाला खालच्या मजल्यावरची मोनाही होती. ती आणि कशिश शाळेपासूनच्या मैत्रिणी. आपा मोनाला सांगत होती, "माझा भाऊ म्हंजे गाय हाय गं. दारू न्हाय, शिवी न्हाय, हात उचलणं तर न्हायच न्हाय. सुगरा कवा रडत गेली व्हय मिरजंला भावाकडं? बाईमाणसाला आनि काय लागतंय?"

मोना ताटात बघत होती. कशिश म्हणाली, "फुफी, भाकरी वाढू?"

"माझं झालं. तुझ्या बापाला इचार."

"अब्बांना विचारायचं नसतं फुफी. बघून वाढायचं असतं."

"बघ, पोरीला किती कळतंय," आपा म्हणाली. मलाही बरं वाटलं.

आज घाबरं झालं नाही. आपा मोठ्याने बोलते त्यामुळे घर भरलेलं वाटतं.

२० जानेवारी, सोमवार

३.४०. जिना चढत होतो. वर कशिश फोनवर हसत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं. मी कुलपात किल्ली घातली आणि हसणं थांबलं. रेंज गेली असावी. आत जाऊन डबा ओट्यावर ठेवला आणि धडधड सुरू झाली. खुर्ची धरून उभा राहिलो.

मी आलो तेव्हा गॅलरीच्या तारेवर भांडी पुसायचा पिवळा फडका होता. हातपाय धुऊन बाहेर आलो तर तिथे निळा. सुगरालाही ही सवय होती, सारखा फडका बदलायची. पोरीने आईची स्वच्छता उचललीय. मोना संध्याकाळी येते, ती आज आली नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सुगराच्या भावाचा, तोहिदचा, मिरजेहून फोन. चाळीसव्याच्या, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या, जेवणाला किती माणसं येतील वगैरे बोलला. मग म्हणाला, "आनि त्या सांजंलाच कशिशला घेऊन जातो. इथल्या लॅबमधी तिचं पक्कं झालंय. तिनं सांगितलंच आसंल की."

मी म्हटलं, "हो."

तिने सांगितलेलं नाही. फोन ठेवला तेव्हा ४.२०. या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली. ती गेली तर या घरात मी एकटा. मनात हेच आलं. दुसरं असं आलं की तिने मामाला सांगितलं आणि मला नाही.

ती चहा घेऊन आली. मी घेतला. बोललो काही नाही. राग नव्हता. शब्द निघाला नाही इतकंच.

२३ जानेवारी, गुरुवार

बागल चौकात कब्रस्तानला गेलो. फातिहा पढली. तिथे उभं असताना मनात आलं की मी माफ केलं म्हणालो ते नेमकं काय? नोकरी लागली त्याच वर्षी लग्न झालं, या सत्तावीस वर्षांत तिचं काय चुकलं? रिजेक्ट माल लिहितो तसं आठवत गेलो. एकदा इस्त्रीने शर्ट जाळला. भावाकडून यायला कधी कधी उशीर करायची. चहात साखर जास्त घालायची, मी एकदा कप तसाच ठेवला त्यानंतर कधी नाही. चौथं काही सापडेना.

मग उलटं मनात आलं. तिला कुणी विचारलं नाही. ती बोलू शकत असती आणि तिला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? ५.१०. मातीवरच बसावं लागलं. शेजारच्या कबरीवर पाणी घालणारा माणूस म्हणाला, "पावणं, चक्कर आली काय?" मी मान हलवली.

२७ जानेवारी, सोमवार

कामावर कृष्णात भेटला. तोही तपासणीलाच आहे, पलीकडच्या टेबलावर. माझ्या पुढ्यात चहा ठेवून म्हणाला, "काय बादशाभाई, आज लय गप? म्हंजे रोजचंच की."

मी म्हटलं, माणूस गेलंय घरातलं.

"ते हायच. पर तुमी आदीपासनंच गप. राग नका मानू. तुमी गप बसला की आख्खी लाइन गप व्हती. जो तो आपलं काय चुकलं म्हून हुडकतंय."

"मी कुणाला काही बोलत नाही, कृष्णात."

"ह्येच तर. आमचा फोरमन वरडतो. वरडून झालं की आमाला कळतं, संपलं. तुमचं संपलं कवा ते कळायचं कसं?" आणि हसून पाठीवर थाप मारून गेला.

तो थट्टा करत होता. तरी ११.३० ला धडधड झाली, आणि परत ३.४० ला घरी, डबा ठेवल्यावर.

कशिशशी अजून बोलणं नाही. सुरुवात तिने करायला हवी. सांगायचं तिच्याकडून राहिलं आहे.

३० जानेवारी, गुरुवार

आजवरच्या नोंदी, समासात नुसत्या वेळा टिपल्यात त्याही धरून, मोजल्या. सतरा वेळा घाबरं झालं. त्यातल्या अकरा वेळा पावणेचारच्या सुमाराला, घरी येऊन ओट्यावर डबा ठेवल्यावर. म्हणजे दोष त्या जागेचा आहे. ती तिथेच पडली होती. आजपासून डबा दाराजवळच्या स्टूलवर ठेवायचा.

ठेवला. कशिश स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओट्याकडे बघत होती, मग स्टूलकडे. तिचा चेहरा उतरला, काहीतरी हरवल्यासारखा. मी हात धुवायला गेलो. तिथे परत धडधड.

१ फेब्रुवारी, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

चारच्या पुढे दूध आणायला खाली गेलो. परत येताना गल्लीच्या तोंडाशी मोना पुढे चाललेली दिसली. हातात झाकलेली वाटी होती. आमच्या जिन्यापाशी थांबली, वर गॅलरीकडे बघितलं, आणि वळली. मी समोरच आलो.

"का गं, वर येत नाहीस?"

ती दचकली. "यीन की काका. मग यीन."

"कशिश आहे घरात."

"हाय, पर..." तिने परत वर बघितलं. "निळं हाय न्हवं. धा दिवस झालं, निळंच हाय." एवढं तिच्या तोंडून निसटलं आणि तिने ओठ दाबले. मी विचारलं, निळं म्हणजे काय. म्हणाली, "काय न्हाय काका, तिलाच इचारा." वाटी तशीच घेऊन घरात गेली आणि दार लावलं.

मी दुधाची पिशवी घेऊन उभा राहिलो. वर तारेवर निळा फडका होता. दहा दिवस. तोहिदचा फोन आला त्याला दहा दिवस झाले.

४.२५. आतापर्यंतचं सगळ्यात जास्त. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो. इथे मी पूर्वी कधीतरी असाच बसलो होतो असं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं नाही. कशिश बॅग भरते आहे. दार लोटलेलं असतं पण चेन ओढल्याचा आवाज येतो. चाळीसव्याला पाच दिवस. विचारलं तर ती सांगेल, ही भीती आहे. विचारलं नाही तर न सांगताच जाईल.

जिन्यावर कधी बसलो होतो ते आठवलं. डिसेंबरचे शेवटचे दिवस. सुगरा आणि कशिश मिरजेला गेल्या होत्या. शनिवारी येतो म्हणाल्या आणि रविवारी संध्याकाळी आल्या. शनिवारी मी किल्ली घरात विसरून कामावर गेलो होतो. दाराला कुलूप. तासभर पायरीवर बसलो, मग मोनाच्या वडिलांनी कुलूपवाला आणला. रविवारी त्या आल्या तेव्हा मी काहीच बोललो नाही. सोमवारीही नाही. त्यानंतरही नाही. गुरुवारी ती वारली.

मी माझ्या तोंडाने एकही वाईट शब्द काढला नाही. हे वाक्य लिहून तीन वेळा वाचलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सुट्टी घेतली. सकाळी कशिश स्वयंपाकघरात खाली बसून चाळीसव्याचे तांदूळ निवडत होती. मी जाऊन समोर बसलो. मी तिथे कधी बसत नाही. तिचे हात थांबले, मग परत चालू झाले. मीही थोडे तांदूळ पुढे ओढले.

म्हटलं, "निळा फडका म्हणजे काय?"

"मोनाने सांगितलं?"

"तिला काही म्हणू नकोस. तिच्या तोंडून निसटलं."

तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. मग तांदळाकडे बघूनच बोलली. "अम्मीचं होतं ते. मी दुसरीत असल्यापासून. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी वर बघायचं. पिवळा असला तर पळत यायचं. निळा असला की चपला हातात घेऊन जिना चढायचा."

"मी तुला कधी मारलं नाही."

"नाही."

"ओरडलोही नाही."

"नाही अब्बा. तुम्ही काहीच केलं नाही. आठ आठ दिवस."

मी विचारलं, आईला कसं कळायचं. मला स्वतःला तर राग आलाय असं कधी वाटायचं नाही.

"डब्यावरून. तुम्ही आलात की ओट्यावर डबा ठेवता ना, तो आवाज. अम्मी गॅस बारीक करून ऐकायची. मग फडका ठरवायची. मलाही येतं आता." मग म्हणाली, "मागच्या आठवड्यापासून तुम्ही स्टूलवर ठेवायला लागलात. लाकडावर काहीच कळत नाही. मला फार भीती वाटली."

सत्तावीस वर्षं मी लोखंड ठोकून ऐकतो आहे. मला वाटायचं, ऐकणारा मी.

पुढचं विचारायचं नव्हतं तरी विचारलं. "त्या आठवड्यात?"

"निळा. तिचं डोकं तीन दिवस दुखत होतं अब्बा. मी म्हटलं अब्बांना सांगू, दवाखान्यात जाऊ. म्हणाली, आत्ता नको. एक-दोन दिवसांत पिवळा टाकते, मग सांगू."

मी तांदळात हात घालून बसलो होतो. आणि तेव्हा मला कळलं की माझं तोंड बंद होतं आहे. आतून, कुणी झाकण फिरवून बसवावं तसं. यापूर्वीही प्रत्येक वेळी हे झालं असणार, पण होताना मी ते कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. आत्ता उठून बाहेर गेलो तर ते दहा-पंधरा दिवस उघडणार नाही आणि तोपर्यंत ती गेलेली असेल.

कसंबसं म्हणालो, "कशिश, माझं तोंड बंद होतंय. आत्ता. रागाने का भीतीने ते मला कळत नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मग एवढंच म्हणायचं होतं ना अब्बा. अम्मीला एवढंसुद्धा पुरलं असतं."

मी म्हणालो, "माफ कर."

ती म्हणाली, "आत्ता नाही म्हणता येणार. उगाच म्हणायचं म्हणून म्हणणार नाही."

मी बरं म्हटलं. आम्ही राहिलेले तांदूळ निवडले. ती निघण्याबद्दल बोलली नाही, मीही जाऊ नकोस म्हटलं नाही. मिरजेची नोकरी कसली ते मात्र विचारलं. रक्ताच्या तपासण्या, सकाळी आठची ड्युटी. हे तिने सांगितलं.

धडधड सकाळपासून होती. वेळ लिहिलेली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

चाळीसवा झाला. साठेक माणसं जेवली. आपाने दोन वेळा सांगितलं की सुगरा नशीबवान, असा नवरा मिळाला. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "आपा, असं म्हणू नकोस." ती म्हणाली, "का रं? खोटं हाय व्हय?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सहाच्या सुमाराला तोहिद कशिशला घेऊन निघाला. "तुमी पण येत जावा बादशहाभाई, एकटं बसू नका," म्हणाला. कशिश चपला घालता घालता म्हणाली, "रमजानच्या आधी एकदा येते. डाळ कुकरला दोन शिट्ट्या. फडके दोन्ही धुतलेत, ओट्याखालच्या डब्यात आहेत."

मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर. मी बोलेन."

तिने मान हलवली. हो म्हणून का नुसतीच, ते कळलं नाही. गॅलरीतून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली आणि वर बघितलं. तार रिकामी होती.

फोन साडेसातला आला. पोचलो म्हणाली. मी म्हटलं, बरं. मग आणखी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, जेवलीस का. हो म्हणाली. एक मिनिट चार सेकंद.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली पाळी. कृष्णातने पास केलेली सहा कास्टिंगं चिरा निघाल्या म्हणून गिऱ्हाइकाकडून परत आली. साहेबांनी मला बोलावून विचारलं. मी कृष्णातला काही बोललो नाही. दिवसभर नाही. त्याने डब्यातली चटणी पुढे केली, मी नको म्हणून हात केला. सुटल्यावर सरळ निघालो.

३.४०. घरात शिरलो. स्टूल मी काल आत नेऊन ठेवलंय. डबा ओट्यावर ठेवला आणि आवाज ऐकला. बद्द नव्हता, पण टेकवल्याचाही नव्हता. आदळल्याचा होता. मी आदळला नव्हता असं मी कुणालाही सांगितलं असतं. डबा उचलून हलका ठेवून बघितला. तो आवाज निराळा.

धडधड होती. पण आज ती घाबरल्याची नव्हती. कृष्णातवरचा राग होता, सकाळी साडेनऊपासून. उद्या त्याला तसं सांगायचं. सांगता येईल की नाही, याची भीती वाटते.

ओट्याखालचा डबा उघडला. पिवळा फडका वर होता, घडी केलेला. तो बाजूला ठेवून निळा काढला, नळाखाली धरला, पिळला आणि गॅलरीत जाऊन तारेवर टाकला. खाली गल्लीत कुणी नव्हतं. वारा होता म्हणून दोन चिमटे लावले.